मॅनिफेस्टेशनने खरंच पैसा येतो का? २४,९९९ भरू की नको?

अबोली_नाशिक

नमस्कार मंडळी. इथे नेहमी नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदा. हसणार असाल तर हसा, पण उत्तर द्या.

मी अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. मिस्टरांचं फ्लेक्स छपाईचं छोटं दुकान आहे. निवडणुका, गणपती, कुणाचे वाढदिवस असले की धंदा, एरवी माश्या मारणं. दोघांचं मिळून घर चालतं, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. पर्सनल लोनचा हप्ता ६,४०० आहे आणि क्रेडिट कार्डावर ३८,००० थकलेत, त्यावर मी फक्त 'मिनिमम' भरते. स्वप्न एकच, पाथर्डी फाट्याकडे टूबीएचके.

दिवाळीत जाऊबाईंनी मॅनिफेस्टेशनच्या, म्हणजे हवं ते मनात रंगवून खरं करायच्या, एका ऑनलाइन वर्कशॉपची लिंक पाठवली. ९९ रुपये, रविवारी सकाळी तीन तास. शिकवणाऱ्या मॅडम बोलतात छान, आपल्यातल्याच वाटतात. त्यांनी ३-६-९ ची पद्धत दिली. वहीत सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा लिहायचं, "माझ्या खात्यात दहा लाख रुपये आले आहेत, मी विश्वाची आभारी आहे." येणार आहेत असं लिहायचं नाही, आले आहेत असंच. रात्री डोळे मिटून नव्या घराची किल्ली हातात आहे असं बघायचं. किल्लीचा गारवा तळहाताला जाणवला पाहिजे म्हणे. फ्रिजवर घराचा फोटो लावलाय, मुलगा येता-जाता विचारतो हे कुणाचं घर.

खरं सांगू? बरं वाटतं. आधी रात्री दोनला जाग यायची आणि डोक्यात हिशेब सुरू व्हायचा, तो बंद झालाय. झोप लागते.

आता पुढची लेव्हल २४,९९९ ची आहे, ईएमआयची सोय करून देतात. ग्रुपवर रोज सांगतात की बँकेचे मेसेज उघडू नका, त्याने टंचाईची कंपनं तयार होतात. शंका घेतली की 'ब्लॉक'. पैसे नाहीत म्हणालात तर तोच सगळ्यात मोठा ब्लॉक. घरातल्या नकारात्मक माणसांशी यावर बोलायचं नाही. जाऊबाईंना दोन महिन्यांत सोन्याची चेन आली, त्या शपथेवर सांगतात की हे याच्यामुळेच.

मिस्टर म्हणतात शुद्ध वेडेपणा आहे. माझे प्रश्न दोनच. हे चालतं का? आणि भरू का?

खर्डा_भाकरी

दहा लाख आले की निम्मे इकडे पाठवा. मी पण विश्वातच राहतो, आभार पोचले असं समजतो.

गंमत राहू दे. भरू नका हो. ९९ ला आत घ्यायचं आणि २४,९९९ ला दार लावायचं, हा धंदा फार जुना आहे.

निळं_आकाश

चेष्टा होणार हे माहीत होतंच. अबोलीताई, मी हे बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो.

पद्धत खोटी नाही, तुम्हाला ती पातळ करून दिली आहे. यातलं पुष्कळसं ज्याच्याकडून आलं तो नेव्हिल गोडार्ड बार्बाडोस बेटावर १९०५ मध्ये जन्मला, विशीच्या आत न्यूयॉर्कला गेला. आकडेमोड वगैरे तो सांगत नाही. इच्छा पुरी झाल्यावर जे घडेल त्यातलं एक छोटंसं दृश्य घ्या, झोपेच्या उंबरठ्यावर तेच पुन्हा पुन्हा बघा, त्यातली भावना खरी होऊ द्या, एवढंच. त्याची स्वतःची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९३३ साली खिशात दमडी नव्हती आणि घरी जायची ओढ लागली होती. त्याचा गुरू अब्दुल्ला म्हणाला, तू बार्बाडोसमध्ये आहेस असं समजूनच झोप. हा न्यूयॉर्कच्या थंडीत रोज रात्री मनाने आपल्या बेटावरच्या घरात झोपायचा. पुढे भावाचं पत्र आलं, बोटीच्या तिकिटाची सोय केली आहे, निघून ये.

हॉलीवूडचा विनोदी नट जिम कॅरी, त्याने हाताला काम नसताना स्वतःच्या नावे एक कोटी डॉलरचा चेक लिहिला, त्यावर १९९५ च्या थँक्सगिव्हिंगची, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरातल्या सणाची, तारीख टाकली आणि पाकिटात ठेवला. त्या तारखेच्या आधी तेवढ्याच रकमेचं काम मिळालं. १९९७ मध्ये ओप्रा विन्फ्रेच्या कार्यक्रमात त्यानेच हे सांगितलं आहे.

मात्र २४,९९९ भरू नका. गोडार्डची व्याख्यानं नेटवर फुकट वाचायला मिळतात. आणि बँकेचे मेसेज उघडू नका हे कुठून आणलं, देव जाणे.

उलटतपासणी

बार्बाडोसच्या तिकिटाचं बघू. गोडार्ड घराण्याची तिथे स्वतःची कंपनी होती, जे. एन. गोडार्ड अँड सन्स, १९२१ पासूनची. तीच वाढत वाढत आज कॅरिबियनमधला मोठा उद्योगसमूह झाली आहे. घरचा धंदा जोरात, भाऊ त्यात कमावतायत, आणि एक मुलगा कित्येक वर्षं परदेशात अडकलेला. भावाने तिकीट काढून दिलं. यात विश्वाचा भाग केवढा आणि खानदानाचा केवढा? ज्याचा भाऊ बंदरावर हमाल होता असाही कुणी त्या थंडीत मनाने घरी जाऊन झोपला असेल. त्याला तिकीट आलं नाही म्हणून त्याचं व्याख्यान कुणी ठेवलं नाही, आणि आपण ते आज वाचत नाही.

कॅरीच्या चेकवर रक्कम कशाबद्दल तेही लिहिलं होतं, अभिनयाच्या कामाबद्दल. हा माणूस पंधराव्या वर्षापासून स्टेजवर लोकांना हसवत होता. त्याच मुलाखतीत तो पुढे म्हणाला की नुसतं डोळ्यांसमोर आणून मग सँडविच खायला निघून गेलात तर काही होत नाही. रील बनवणारे नेमकं हे वाक्य कापतात.

गावठी_वकील

थोडक्यात. अशा कोर्सची 'ईएमआयची सोय' म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. कोर्स आवडला नाही म्हणून सोडलात तरी हप्ता सुटत नाही, आणि चुकला की सिबिल, म्हणजे कर्ज देणारे बघतात तो पतीचा स्कोअर, बिघडतो. पुढे तुम्हाला होमलोन घ्यायचं आहे. ओटीपी देण्याआधी कर्ज देणारा कोण, हे लेखी मागा. आधीच कुणी अडकलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मास्तरीण

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून मध्ये तोंड घालते.

अबोली, तुला झोप लागते हे अगदी खरं असणार. गॅब्रिएल ओटिंगन या बाईंनी यावर आयुष्य घालवलंय. २०११ च्या एका अभ्यासात त्यांनी आणि त्यांच्या सहकारी हेदर कॅपेस यांनी लोकांना हवंहवंसं भविष्य रंगवायला लावलं आणि रक्तदाब मोजला. वरचा, सिस्टॉलिक आकडा उतरला. म्हणजे शरीर सैलावलं. दमलेल्या, काळजीने पोखरलेल्या माणसाला हे औषधच आहे. पण सैलावलेलं शरीर सकाळी उठून धावपळ करायलाही कमी तयार असतं. ओटिंगन बाईंनी त्याआधी, २००२ मध्ये, जर्मनीत शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्यांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. नोकरी मिळाल्याची गोड चित्रं ज्यांना जास्त दिसत होती त्यांनी अर्ज कमी पाठवले, त्यांना नोकरीच्या ऑफर कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. गंमत म्हणजे, "मला नोकरी मिळेल" अशी ज्यांची खात्री होती, त्यांचं चांगलं झालं. खात्री आणि दिवास्वप्न हे दोन वेगळे प्राणी निघाले. खात्री आपल्या मागच्या अनुभवावर उभी असते, दिवास्वप्नाला कशाचाच आधार लागत नाही.

मग कल्पना करूच नये का? करावी, पण कशाची ते बघ. १९९९ मध्ये लिएन फाम आणि शेली टेलर यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात परीक्षेच्या तोंडावर मुलांचे गट पाडले. एका गटाने रोज पाच मिनिटं उत्तम ग्रेड मिळाल्याचं दृश्य बघायचं, दुसऱ्याने आपण अभ्यासाला बसलोय, टीव्ही बंद केलाय, अमुक धडा काढलाय असं बघायचं. दुसरा गट लवकर अभ्यासाला लागला आणि त्याला मार्क जास्त मिळाले. ग्रेडचं स्वप्न बघणाऱ्यांनी अभ्यास कमी केला.

आणि एक आपल्या इथलं. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी भारतातल्या ग्रामीण मजुरांना बचतीसाठी बंद पाकिटं दिली. काही पाकिटांवर त्या मजुराच्या स्वतःच्या मुलांचा फोटो छापला. फोटोवाल्या पाकिटांत पैसे जास्त टिकले. म्हणजे चित्राची ताकद खोटी नाही, फक्त ते पाकिटावर होतं. तुझं फ्रिजवर आहे.

पंचगंगाकाठ

नमस्कार ताई. मास्तरीणबाईंचं ते पाकिटाचं वाचलं आणि राहवलं नाही.

मी इचलकरंजीत पिग्मी गोळा करायचो. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा थांबलो. तुमच्याकडे दैनंदिन ठेव म्हणत असतील. १९२८ साली उडुपीकडे सिंडिकेट बँकेने, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, दारोदार जाऊन रोजचे दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, तिथून ही पद्धत सगळीकडे पसरली. माझी फेरी संध्याकाळी पाचला सुरू. सायझिंगचं (सुताला खळ लावायच्या कारखान्याचं) गेट, चहाच्या गाड्या, इस्त्रीवाले, मंडईतल्या बायका. दहा रुपयांपासून दोनशेपर्यंत जे देतील ते घ्यायचं, पावती फाडायची, कार्डावर आकडा टाकायचा, पुढचं दार. नंतर हातात मशीन आलं. बँकेतल्या साहेबाला माणूस कर्ज मागायला आला की दिसतो, मला तो रोज दिसायचा, उधारी मागणाऱ्यापासून लपलेला पण दिसायचा.

खातं उघडताना फॉर्मवर नसलेला एक प्रश्न मी विचारायचो, कशासाठी? जे सांगतील ते कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवायचो. नियम नव्हता, माझी आपली खोड. "पैसा साठवायचाय", "मोठं व्हायचंय", "असू दे अडीअडचणीला" म्हणणाऱ्यांची खाती मुदतीआधी मोडायची. सहा महिन्यांच्या आत मोडलं तर व्याज तर नाहीच, वर कमिशन कापून जायचं, तरी मोडायची. शेजाऱ्याने टीव्ही आणला, मोडलं. आणि मागे "धाकटीची नर्सिंगची फी", "सासूबाईंचा मोतीबिंदू", "रिक्षाचं परमिट" असलं काही असेल तर ते खातं रडतखडत का होईना, तडीला जायचं. अडचण त्यांनाही यायची. त्या आठवड्यात वीसचे पाच व्हायचे, पण मोडा म्हणत नसत.

मंडईत एक मावशी होती. तिच्या कार्डामागे लिहिलं होतं 'चक्की'. घरात ठेवायची पिठाची चक्की. खातं उघडण्याआधीच ती दुकानात जाऊन आली होती. कितीची आहे, डब्यात किती मावतं, तासाला किती दळते, दार उघडलं की आपोआप बंद पडते, सगळं तोंडपाठ. एकदा पाऊस लागला म्हणून तिच्या घरी टेकलो. दहा बाय बाराची खोली, पाच माणसं, भांडी वर टांगलेली, आणि ओट्याशेजारचा एक कोपरा मोकळा. फरशीवर खडूने चौकोन आखलेला. पुसला गेला की ती पुन्हा आखायची. भिंतीत पंधरा अँपिअरचा प्लग बसवून घेतलेला आणि नातवाने बोट घालू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी. आळीतल्या चार-पाच घरांना ती आधीच सांगून बसली होती, दळण माझ्याकडे टाका, गिरणीपेक्षा किलोला रुपया कमी घेईन. चक्कीचा पत्ता नाही अजून! खात्यात किती झाले असं तिने मला कधी विचारलं नाही. विचारायची, "चक्की कुठवर आली?" मग मीही तसंच सांगायला लागलो, दार झालं मावशी, मोटर राहिली.

आता बघा, तुम्हाला किल्लीचा गारवा जाणवायला सांगितलाय. मावशीला पिठाचा वास येत असणार, याबद्दल मला शंका नाही. पण तिला दिसलेलं चित्र तिला उठवून दुकानात घेऊन गेलं, इलेक्ट्रिशियनकडे घेऊन गेलं, शेजारणींकडे घेऊन गेलं. तुम्हाला दिसलेलं चित्र तुम्हाला कुठे घेऊन गेलं? आत्तापर्यंत तरी पुढच्या लेव्हलच्या लिंकपर्यंत.

उलट्या बाजूचाही माणूस सांगतो. एक जॉबर (मागांचा मिस्त्री) होता, मागाचं काम हातखंडा, पण मटक्याचा नाद. त्याला रात्री आकडा 'दिसायचा'. साप दिसला तर अमुक, लग्न दिसलं तर तमुक. एकदा लागलाही. तो लागलेला आकडा सगळ्या पेठेला माहीत होता. न लागलेले त्याच्या बायकोला माहीत होते, कारण घरातली पिग्मी ती भरायची, आणि शेवटी तीही मोडावी लागली. विश्वास म्हणाल तर जॉबरचा मावशीपेक्षा दांडगा होता.

मी काही नास्तिक नाही. आमच्या सायझिंगच्या शेठकडे लक्ष्मीपूजनाला वहीपूजन व्हायचं, मी प्रसादाला हजर. पहिल्या पानावर श्री, शुभ, लाभ, त्यावर विड्याचं पान आणि नाणं. गुरुजी गेले की दिवाणजी तीच वही पुढे सरकवून दुसऱ्या पानावर उभी रेघ मारायचे, एका बाजूला जमा, दुसरीकडे नावे. पहिल्या पानावर कुणी हिशेब लिहीत नव्हतं आणि पुढच्या पानांना कुणी कुंकू लावत नव्हतं. तुमच्या मॅडमनी तुम्हाला अख्खी वही पहिल्या पानानेच भरायला लावली आहे. आणि ताई, तुम्ही तर अकाउंट्सवाल्या!

बँकेचे मेसेज उघडू नका, हे वाचून मात्र डोकं फिरलं. कार्डावर ३८,००० आहेत. महिन्याला साडेतीन टक्के धरा, १,३३० रुपये नुसतं व्याज, वर जीएसटी. मिनिमम भरून मुद्दल जागचं हलत नाही. तुम्ही मेसेज उघडा न उघडा, ते व्याज रात्री तुमच्याशेजारी झोपलेलं असतं. आधी बँकेला फोन करा आणि थकबाकी हप्त्यांत बदलून मागा, दर बराच उतरतो. कोर्सला जो हप्ता द्यायची तयारी केली होती तो इथे द्या. कार्डावर नवी खरेदी बंद. ते फिटलं की पोस्टात आरडी काढा. महिना ३,००० टाकलेत तर सध्याच्या ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे २ लाख १४ हजार होतात. यात टूबीएचके येत नाही, ते मलाही कळतं. बँक घराच्या किमतीच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज देते, उरलेले आपले लागतात, त्यातला एक तुकडा येतो.

फ्रिजवरचा फोटो काढू नका. एखाद्या रविवारी मिस्टरांना घेऊन पाथर्डी फाट्याला जा, दोन-चार सॅम्पल फ्लॅट बघा. कार्पेट किती, मेन्टेनन्स किती, सगळं धरून किती पडतं हे विचारा. आणि घर एकट्या तुमच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून बाईला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तेही विचारा. हा आकडा मॅडमच्या दहा लाखांपेक्षा बहुतेक अडनिडा निघेल. तो फोटोखाली लिहा.

निळं_आकाश

काका, तुमची चक्कीवाली मावशी म्हणजे हुबेहूब गोडार्ड! खडूचा चौकोन, "चक्की कुठवर आली" हे बोलणं, हेच तर इच्छा पूर्ण झाल्याच्या अवस्थेत जगणं. तुम्ही आमचीच बाजू मांडलीत.

पंचगंगाकाठ

असेल बुवा. नाव काहीही द्या. तिला ते करायला कुणी फी लावली नाही आणि ती रोजचे तीस रुपये द्यायची, एवढंच माझ्या मशीनला माहीत.

उलटतपासणी

काका, चक्की आली का शेवटी?

पंचगंगाकाठ

आली. दुसऱ्या कंपनीची, जरा लहान. तिला हवी होती तिची किंमत मधल्या काळात वाढली. मावशीने महिनाभर दुकानदाराला शिव्या घातल्या.

अबोली_नाशिक

सगळ्यांचे आभार. खर्डा_भाकरी, तुमचे पण.

काल जाऊबाईंना सरळ विचारलं, चेन आली कशी. भिशीचे पैसे. बारा जणींची भिशी, नंबर अकराव्या महिन्यात लागला. "पण मी डोळ्यांसमोर आणलं होतं ना, म्हणून लागला." मी म्हटलं, अहो वहिनी, डब्यात चिठ्ठ्याच दोन उरल्या होत्या! दोन दिवस बोलत नाहीयेत माझ्याशी.

ग्रुप सोडला. सोडल्यावर पाच मिनिटांत फोन आला, मॅडम तुमच्यासाठी खास १४,९९९. एका झटक्यात दहा हजार कमी झाले, विश्व भलतंच दयाळू निघालं.

कार्डाचं स्टेटमेंट उघडलं. ३८ नाही, ४१ झालेत. लॅपटॉप तसाच मिस्टरांपुढे ठेवला. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, माझं पण एक कार्ड आहे, तुला सांगितलं नव्हतं. मटेरियल त्यावरच घेतो. किती ते अजून सांगितलेलं नाही, "सगळं काढून ठेवतो" म्हणालेत. तेव्हा झोपेचं परत खोबरं झालंय, पण आता दोघांच्या.

रात्रीचं ते किल्लीचं मी अजून करते, मास्तरीणबाई. सकाळी पाच मिनिटं तुम्ही म्हणता तसं, की आज बँकेला फोन लावलाय, आयव्हीआरमध्ये, त्या 'एक दाबा, दोन दाबा'मध्ये अडकलेय, तरी ठेवत नाहीये. काल खरंच लावला आणि खरंच अडकले. हप्त्यांत बदलून देतो म्हणालेत, दर आज कळेल.

काका, एक विचारायचं होतं. दुकानात रोख रोज थोडी थोडी येते आणि रोज थोडी थोडी जाते. महिन्याला ३,००० बाजूला काढणं मिस्टरांना जमेल असं वाटत नाही, रोजचे शंभर जमतील. आमच्या गल्लीत एका पतसंस्थेचा माणूस पिग्मी घ्यायला येतो. चालेल का?

पंचगंगाकाठ

रोजच्या गल्ल्याला पिग्मीच बरी, तुमचं बरोबर आहे. पण आधी दोन-तीन गोष्टी बघा.

बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो विमा लागू नाही. माणूस ओळखीचा आहे, रोज हसून बोलतो, यावर जाऊ नका, मीही हसूनच बोलायचो. जवळपास एखादी सहकारी बँक पिग्मी घेत असेल तर ती बघा. पतसंस्थेतच टाकायची वेळ आली तर रक्कम मोठी होऊ देऊ नका, पाच-सहा हजार झाले की काढून पोस्टात किंवा बँकेत हलवा. मुदतीआधी काढलं तर काय कापतात ते आधी विचारून घ्या.

पैसे दिले की पावती तिथल्या तिथे घ्यायची. "मशीन बंद आहे, उद्या दोन्ही देतो" चालवून घेऊ नका. त्याच दिवशी मोबाइलवर मेसेज आला पाहिजे, आणि तो उघडायचा.

व्याज पिग्मीला फार नसतं, एजंटाचं कमिशन त्यातूनच जातं. तिचा उपयोग गल्ल्यातून पैसा बाहेर काढण्यापुरता, वाढवण्याचं काम दुसरीकडे.

आणि शंभर आत्ताच ठरवू नका. मिस्टरांच्या कार्डाचा आकडा आधी बाहेर येऊ दे. तो मोठा निघाला तर सहा महिने पिग्मी विसरा, सगळं तिकडे भरा.